‘आहे’ नसलेली भाषा

फोन आला तेव्हा सलूनवाल्यासमोरच्या खुर्चीत एक गिऱ्हाईक बसलं होतं आणि त्याची अर्धी दाढी झाली होती. उजवा गाल गुळगुळीत, डाव्या गालावर अजून फेस. फोनवर जावई होता. जावयाला मराठी येत नव्हतं, सलूनवाल्याला जावयाची हिब्रू येत नव्हती, आणि दोघांचं इंग्रजी एकत्र केलं तरी त्यातून एक धड वाक्य निघत नसे. तरी त्या दिवशी जे सांगायचं होतं ते सांगून झालं. काही गोष्टींना फार शब्द लागत नाहीत.

सलूनवाल्याने फोन फळीवर ठेवला आणि डावा गाल पुरा केला. तुरटी फिरवली, पावडरचा हात लावला, टॉवेल झटकला.

‘‘काय झालं हो?’’ गिऱ्हाइकाने आरशातूनच विचारलं.

‘‘मुलगी गेली.’’

‘‘कुठे?’’ गिऱ्हाईक म्हणालं, आणि मग आरशात सलूनवाल्याचा चेहरा पाहून खुर्चीतून उठून उभं राहिलं.

पुढे आळीत या गोष्टीची बरीच चर्चा झाली. कोणी म्हणालं, काळीज दगडाचं आहे. कोणी म्हणालं, धक्काच तसा बसला. सलूनवाल्याला स्वतःला विचारलं असतं तर त्याने एवढंच सांगितलं असतं, की अर्धी दाढी ठेवून माणसाला घरी कसं पाठवणार.

मुलीला घरात सगळे भिंगरी म्हणत. एका जागी बसणं तिला ठाऊक नव्हतं. मोठी झाल्यावर म्हाताऱ्या माणसांची देखभाल करण्याचं काम घेऊन ती परदेशी गेली. दोन वर्षांसाठी म्हणून गेली आणि तिथेच रमली. ज्या आजींना ती सांभाळत होती, त्यांच्या घरी नळ दुरुस्त करायला एक अबोल प्लंबर यायचा. नळ जरा जास्तच वेळा बिघडायला लागला तेव्हा आजींनाच कळलं काय ते. लग्न झालं, मुलगी झाली. आता छोटी सात वर्षांची होती, आणि भिंगरीच्या डोक्यातली एक शीर एका सकाळी फुटली. सलूनवाल्याचे आणि त्याच्या बायकोचे प्रवासाचे कागद व्हायच्या आत तिकडे सगळं उरकलंसुद्धा. त्यांनी ते फोनवर पाहिलं. जावयाच्या हातातला फोन सारखा खाली कलत होता, त्यामुळे आभाळ, बूट आणि माती एवढंच काय ते दिसलं.

सलूनवाला चौथ्या दिवशी कामावर गेला. बायकोने घरातले डबे घासायला काढले, ते घासून झाले तर पुन्हा घासायला काढले. दोघांचं भांडण नव्हतं, पण बोलणंही नव्हतं. भिंगरीचं नाव निघे ते जुन्याच पद्धतीने. ‘‘साय काढून घे, भिंगरीला साय चालत नाही,’’ असं बायको एकदा म्हणाली, आणि सलूनवाल्याने साय काढून घेतली. ‘चालत नव्हती’ असं दोघांपैकी कोणीच म्हटलं नाही.

आठवड्याच्या सुट्टीला दुपारी जावई फोन लावून देई, भिंगरी लावायची तसाच. आधी त्या फोनवर नुसता गोंधळ असायचा. छोटी तिकडच्या भाषेत काहीतरी सांगायची, भिंगरी ते मराठीत सांगायची, आजोबा उत्तर द्यायचे, भिंगरी ते उलटं फिरवून छोटीला सांगायची, आणि वर पदरची चार वाक्यं घालायची. आता ती मधून उठून गेल्यावर फोनच्या दोन बाजूंना माणसं उरली आणि भाषा उरली नाही. छोटी बघत राही. आजोबा बघत राहत. आजी तर स्वयंपाकघरातून बाहेरच येत नसे. ‘‘काय करू येऊन? नुसतं बघायचंच आहे तर भिंतीवर फोटो आहे की,’’ असं म्हणाली ती एकदा. जरा वेळाने छोटी हात हलवे, आजोबा हात हलवत, आणि फोन बंद होई.

अशा चार-पाच सुट्ट्या गेल्यावर सलूनवाल्याने कोपऱ्यावरच्या औषधवाल्याला विचारलं. औषधवाल्याची थोरली बहीण त्याच देशात आयुष्य काढून आली होती. बाहेरून नव्याने आलेल्या लोकांना ती तिथे हिब्रू शिकवत असे. म्हातारपणी भावाकडे परत आली आणि न्हाणीघरात पडून खुबा मोडून बसली.

‘‘शिकवेल की नाही सांगता येत नाही,’’ औषधवाला म्हणाला. ‘‘पण केस फार वाढलेत तिचे. त्या निमित्ताने या.’’

मग सलूनवाला पिशवीत कात्री, कंगवा, फवारा आणि अंगावर घालायचं कापड घेऊन त्यांच्या घरी गेला. बाई खिडकीशी आरामखुर्चीत होत्या. केस रुपेरी, दाट, मानेवर आलेले. त्यांनी मान वळवून त्याला नीट पाहिलं.

‘‘भावाने सांगितलं मला सगळं. कशाला शिकायचंय?’’

‘‘नातीशी बोलायला.’’

‘‘काय बोलणार आहात तिच्याशी?’’

सलूनवाल्याने यावर विचारच केला नव्हता. तो फवारा मारत म्हणाला, ‘‘ते अजून ठरलं नाही.’’

बाईंना हे उत्तर आवडलं असावं. त्या म्हणाल्या, ‘‘मी नर्सा शिकवल्यात, गवंडी शिकवलेत, एक भटारी शिकवला. केस कापणारा कधी शिकवला नाही. बघू. पण एक सांगते, सुटे शब्द पाठ करत बसलात तर म्हातारे व्हाल.’’

‘‘झालोच आहे.’’

‘‘तर मग मुळं धरा. शोरेश म्हणतात त्याला, शोरेश म्हणजे मूळ. बहुतेक शब्दांच्या पोटात तीन अक्षरं असतात. ती हलत नाहीत. वरचे स्वर बदलतात, पुढे-मागे काहीबाही चिकटतं, पण आतली तीन तीच. आता हे बघा. ल, म, द. लोमेद म्हणजे शिकतो. मेलामेद म्हणजे शिकवतो. तल्मीद म्हणजे विद्यार्थी. ऐकू येतात का तिन्ही?’’

‘‘येतात.’’

‘‘तुम्ही लोमेद. मी बाईमाणूस, म्हणून मी शिकत असते तर लोमेदेत. आपल्यासारखंच, करतो आणि करते. इंग्रजीवाल्यांना हे समजावता समजावता माझा घसा बसायचा.’’

सलूनवाल्याने कानामागचे केस कापायला घेतले. तेव्हा बाई एकदम म्हणाल्या, ‘‘तुमच्या धंद्याचंच मूळ घेऊ. स, प, र. प आणि फ तिकडे एकाच अक्षराने लिहितात, तेवढं लक्षात ठेवा. सपार म्हणजे केस कापणारा. मिस्पारा म्हणजे तुमचं दुकान. मिस्पाराईम म्हणजे हातातली कात्री. जोडीने असणाऱ्या वस्तूंच्या शेवटी हे ‘आईम’ येतं. एनाईम डोळे, यादाईम हात. कात्रीला पाती दोन, म्हणून मिस्पाराईम. त्याच मुळातून मिस्पार म्हणजे आकडा आणि सेफर म्हणजे पुस्तक.’’

‘‘पुस्तकाचा आणि माझा काय संबंध?’’

‘‘विद्वान म्हणतील, काही नाही, योगायोगाने एका घरात राहायला आलेत. अजून एक-दोन आहेत त्या घरात. ते पुढच्या वेळी. आता मान दुखते माझी.’’

असा हा क्रम सुरू झाला. दुकान उघडायच्या आधी सकाळी सलूनवाला बाईंकडे जाई. केस काही रोज कापावे लागत नाहीत, तेव्हा तो त्यांना काठी धरून खोलीत दोन फेऱ्या घालायला मदत करी, आणि त्या फेऱ्यांच्या तालावर बाई शब्द म्हणून घेत. दार, देलेत. पाणी, माईम. घर, बाईत. भाकरी, लेखेम. चुकलं की बाई काठी आपटत. लिहून घेऊ द्यायच्या नाहीत. ‘‘नात काय तुमचं अक्षर बघणार आहे?’’ म्हणायच्या.

दुकानात तो काम करता करता पुटपुटे. रोश, डोकं. सेआर, केस. पानीम, चेहरा. एकदा एका गिऱ्हाइकाने डोळे मिटल्या मिटल्या विचारलं, ‘‘काका, मंत्र म्हणताय का डोक्यावर? केस येणार असतील तर अजून म्हणा.’’ बाकावरचे सगळे हसले. सलूनवालाही हसला. तोंड हसलं म्हणायचं. दाताच्या डॉक्टराने सुई टोचल्यावर ओठ आपला असूनही आपला वाटत नाही, तसं त्याला सगळ्या अंगाचं झालं होतं. गिऱ्हाईक यायचं, जायचं. जेवण व्हायचं. झोपही लागायची, त्याचंच त्याला नवल वाटे. शब्द मात्र डोक्यात बसत होते. रिकाम्या खोलीत सामान भराभर लागावं तसे बसत होते.

बाईंनी एके दिवशी र, ग, श हे मूळ घेतलं. ‘‘रोजच्या बोलण्यातलं आहे. रेगेश म्हणजे भावना. मार्गिश म्हणजे वाटतं, जाणवतं. कोणी विचारतं, एख अता मार्गिश? कसं वाटतंय? तर मार्गिश तोव म्हणा, बरं वाटतंय. आता मी विचारते. एख अता मार्गिश?’’

सलूनवाला काठी धरून उभा होता. क्लूम म्हणजे काहीच नाही, हा शब्द त्याला आदल्या आठवड्यात मिळाला होता.

‘‘लो मार्गिश क्लूम,’’ तो म्हणाला. काहीच वाटत नाही.

‘‘व्याकरण बरोबर आहे,’’ बाई म्हणाल्या. ‘‘चला, अजून एक फेरी.’’

पहिल्यांदा तो फोनवर काही बोलला ती सुट्टी त्याच्या लक्षात राहिली. छोटी समोर आली तसा तो खाकरून म्हणाला, ‘‘गादाल्त!’’ म्हणजे मोठी झालीस. ग, द, ल, मोठं होण्याचं मूळ.

छोटीचे डोळे एवढे मोठे झाले. तिने मान मागे वळवून हाक मारली, ‘‘आबा!’’

‘‘काय गं बाळा?’’ सलूनवाला म्हणाला.

छोटी त्याच्याकडे बघायला लागली. तेवढ्यात मागून जावई टॉवेलला हात पुसत आला, तेव्हा सलूनवाल्याला बाईंचं बोलणं आठवलं. तिकडे बापाला आबा म्हणतात, आजोबाला सबा, आईला इमा. छोटी बापाला हाक मारत होती आणि ओ आजोबाने दिली होती. जावयाला कशात काय ते कळलं नाही, पण सासऱ्याने हिब्रू शब्द काढला एवढं कळलं. तो फोनजवळ तोंड आणून सावकाश, एकेक शब्द तोडून काहीतरी म्हणाला. त्यातला ‘तोदा’ तेवढा सलूनवाल्याला समजला. आभार मानत होता. त्या दिवशीच्या फोननंतर हा माणूस पहिल्यांदाच त्याच्याशी थेट काही बोलत होता.

त्याच्या पुढच्या सुट्टीला मात्र गडबड झाली. छोटी त्या दिवशी शाळेतल्यासारखी ताठ बसली होती, काहीतरी ठरवून आल्यासारखी. केस डोळ्यांवर आले होते. ती म्हणाली, ‘‘सबा, तेसापेर ली अल इमा.’’

सलूनवाल्याने कान टवकारले. स, प, र. तिन्ही अक्षरं लख्ख ऐकू आली. सपार, मिस्पारा, मिस्पाराईम. आणि शेवटी इमा, आई. त्याने हिशोब जुळवला. केस कापायचे म्हणते आहे. इमासारखे कापायचे म्हणते आहे. भिंगरीचे केस ती परदेशी जाईपर्यंत त्यानेच कापले होते. कपाळावर सरळ बट, मागे मानेपर्यंत. पोरीच्या डोळ्यांत केस जातात आणि बापाला ते दिसत नाही, म्हणून ती आजोबाला सांगते आहे.

‘‘केन, केन!’’ तो म्हणाला. हो, हो. आणि धावत जाऊन पिशवीतली कात्री घेऊन आला. फोनसमोर धरून हवेत कच-कच वाजवून दाखवली, स्वतःच्या कपाळावर आडवं बोट फिरवून दाखवलं, की अशी बट कापू, इथपर्यंत. बापाला सांगतो, असं काहीतरी खुणेने म्हणाला.

छोटी कात्रीकडे बघत राहिली. मग तिने पुन्हा तेच म्हटलं, जरा मोठ्याने. ‘‘तेसापेर ली!’’ त्याने पुन्हा कात्री वाजवली. तिचा खालचा ओठ बाहेर आला आणि ती उठून गेली. जावई पडद्यावर आला, ‘स्टोरी, स्टोरी’ म्हणाला, हात हलवले, आणि फोन बंद झाला.

‘‘काय हो? कात्री कशाला नेली होती?’’ बायकोने आतून विचारलं.

‘‘तिचे केस वाढलेत,’’ तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याने बाईंना सगळं सांगितलं, कात्रीसकट. बाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, ‘‘तेसापेर ली म्हणाली की तेसापेर ओती?’’

‘‘ली.’’

‘‘नक्की?’’

‘‘दोनदा म्हणाली.’’

‘‘ओती म्हणाली असती तर माझे केस काप. ली म्हणाली, म्हणजे मला सांग. चूक माझी आहे. त्या घरात अजून एक-दोन शब्द राहतात म्हणाले होते ना, ते सांगायचे राहून गेले. सिपूर म्हणजे गोष्ट. लेसापेर म्हणजे केस कापणं, आणि लेसापेर म्हणजेच गोष्ट सांगणं. तीच अक्षरं, तोच उच्चार. अल इमा म्हणजे आईबद्दल. मला आईबद्दल सांग, म्हणाली ती तुम्हाला.’’

सलूनवाला काठी हातात घेऊन उभाच राहिला.

‘‘बसा,’’ बाई म्हणाल्या.

‘‘नको. फेऱ्या राहिल्यात तुमच्या.’’

‘‘फेऱ्या मरू देत. बसा.’’

तो बसला. बाईंनी विचारलं, ‘‘आठवतं का काही? लहानसं. शब्द थोडे लागतील असं.’’

आठवत होतं की. पण ते सगळं कुठेतरी मागे, कोणी लांबून दुसऱ्याच्या घरचं सांगावं तसं. त्याने एक निवडलं. भिंगरी पाचेक वर्षांची असताना दुकानात खेळत होती. डोक्याला तेलमालीश करता करता एका जाड्या गिऱ्हाइकाला खुर्चीतच झोप लागली. सलूनवाला पाणी भरायला बाहेर गेला, तेवढ्यात भिंगरीने स्टुलावर चढून त्या माणसाच्या तोंडावर पावडरचा डबा पुरा रिकामा केला. भुवया, मिशा, सगळं पांढरं. माणूस जागा झाला, समोर आरसा, आणि आरशात भूत. त्याने जी बोंब ठोकली ती समोरच्या शाळेपर्यंत ऐकू गेली.

बाई या वेळी हसल्या. ‘‘हीच घेऊ. इमा, आई. क्ताना, लहान. आई लहान होती, इथून सुरू करा.’’

‘‘इमा क्ताना,’’ तो म्हणाला.

‘‘त्याचा अर्थ आई लहान आहे. त्या भाषेत ‘आहे’ला शब्द नाही. आई लहान, पाणी गरम, दार उघडं. नुसते दोन शब्द शेजारी ठेवले की ‘आहे’ आपोआप समजायचं.’’

‘‘बरं आहे ते.’’

‘‘हो, पण ‘होती’ म्हणायचं असेल तर शब्द लागतो. पुरुषाला हाया, बाईला हायता. तो गाळता येत नाही. गाळला की वाक्य परत ‘आहे’वर येतं. म्हणा. इमा हायता क्ताना.’’

सलूनवाला म्हणाला, ‘‘इमा क्ताना.’’

‘‘हायता कुठे गेलं?’’

‘‘विसरलो.’’

‘‘परत.’’

तो परत तसंच म्हणाला. पुढची सगळी वाक्यं त्याने न अडखळता पाठ केली. इश शामेन, जाडा माणूस. लावान, पांढरं. तो झोपला, ती चढली, त्याने आरशात पाहिलं, त्याने ओरडा केला. ही सगळी होऊन गेलेल्या काळातली क्रियापदं त्याच्या तोंडी अगदी नीट बसली. फक्त तो एक शब्द रोज गळत होता. बाईंनी दोन दिवस काठी आपटली. तिसऱ्या दिवशी त्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि काठी बाजूला ठेवली. ‘‘असू दे,’’ म्हणाल्या. ‘‘पोरीला कळेल काय ते.’’

सुट्टीच्या दिवशी दुपारी फोन आला. छोटी रुसलेली होती, बाजूला बघत बसली होती. सलूनवाल्याने कात्री आणली नव्हती. हात मांडीवर ठेवले होते.

‘‘सिपूर,’’ तो म्हणाला. ‘‘सिपूर अल इमा.’’

छोटीने मान वळवली.

‘‘इमा क्ताना,’’ सलूनवाल्याने सुरुवात केली.

‘‘हायता,’’ छोटी म्हणाली.

तो थांबला.

‘‘इमा हायता क्ताना, सबा.’’ तिने अगदी शाळेतल्या बाईंसारखं सांगितलं. रागावून नाही. आजोबाची चूक झाली, ती सुधारून दिली, एवढंच. आणि वाट बघत राहिली. त्याने म्हटल्याशिवाय पुढे जायचं नाही, असं तिचं दिसत होतं.

सात वर्षांच्या त्या पोरीला तो शब्द रोज वापरावा लागत असणार. शाळेत, शेजारी, कोणी विचारलं की. तिला तो गाळून चालत नसणार. सलूनवाल्याच्या डोक्यात हे एवढं आलं, आणि मग काही आलं नाही.

‘‘इमा हायता क्ताना,’’ तो म्हणाला.

‘‘केन,’’ छोटी म्हणाली.

पुढे गोष्ट झाली. दोन ठिकाणी चुकली, एका ठिकाणी त्याने जाड्या माणसाऐवजी जाडं दार म्हटलं, पण तोवर छोटी पुढे सरकून बसली होती. माणूस जागा झाला तिथे सलूनवाल्याने खरोखर बोंब मारली, आणि छोटी हसून हसून पडद्यातून खाली गेली, नुसता टेबलाचा काठ दिसत राहिला. मग दोन डोळे वर आले. ‘‘ओद!’’ ती म्हणाली. अजून. ‘‘ओद, सबा, ओद!’’

अजून त्याच्याकडे तयार नव्हतं. पुढच्या वेळी, असं त्याने कसंबसं सांगितलं. फोन बंद झाल्यावर तो बसून राहिला. आता काहीतरी वाटेल, असं त्याला वाटलं होतं. रडू येईल, किंवा छातीतलं काहीतरी हलेल. तसं काही झालं नाही. उजवा पाय तेवढा बधिर झाला होता, एकाच जागी बसून. तो चोळून उठला आणि स्वयंपाकघराच्या दारात गेला.

बायको तांदूळ निवडत होती. ती बोंब तिनेही ऐकली असणार.

‘‘भिंगरी लहानपणी फार द्वाड होती,’’ तो म्हणाला.

बायकोचे हात थांबले. तिने वर पाहिलं नाही. तशीच म्हणाली, ‘‘होती खरी.’’ आणि मग ताट बाजूला सारून ती भिंतीला टेकली आणि रडली. फोन आल्यापासून ती अशी रडली नव्हती. सलूनवाला तिच्या शेजारी जमिनीवर बसला. त्याला रडू आलं नाही. त्याने तिचा हात धरला, आणि तिचं होईपर्यंत धरून ठेवला.

रात्री जेवताना बायकोने विचारलं, ‘‘आजीला काय म्हणतात त्यांच्यात?’’

‘‘सवता.’’

‘‘काय?’’

‘‘सवता.’’

‘‘सवत?’’ बायकोने घास खाली ठेवला. ‘‘माझी नात मला सवत म्हणणार?’’

‘‘सवत नाही गं, सवता. आकार आहे शेवटी.’’

‘‘आकार लावला म्हणून काय झालं? इतकी वर्षं संसार केला, सवत आणली नाहीत ते बरं केलंत म्हणत होते मी. आता मलाच सवत करा.’’ असं म्हणता म्हणता तिला हसू फुटलं. डोळे अजून सुजलेले होते.

मग तीही शिकायला लागली, पण तिच्या पद्धतीने. मुळंबिळं तिला नको होती. ‘‘मला एकच सांगा,’’ ती म्हणाली, ‘‘जेवलीस का, हे कसं विचारायचं?’’

सलूनवाल्याने ते बाईंना विचारून आणलं. ‘‘आखाल्त,’’ त्याने सांगितलं. ‘‘खाल्लंस का. अ, ख, ल, हे मूळ.’’

‘‘आखाल्त. अगं बाई, हे तर आपलंच वाटतं. खाल्लं, आखाल्त.’’

‘‘आपलं नाही ते. नुसतं ऐकायला तसं लागतं.’’

‘‘लागू दे की,’’ बायको म्हणाली.

पुढच्या सुट्टीला ती पदर सारखा करून फोनसमोर येऊन बसली. छोटीने तिला इतक्या दिवसांनी पाहिलं आणि ती पडद्याजवळ सरकली. दोघी एकमेकींकडे बघत होत्या. सलूनवाल्याने नवी गोष्ट तयार करून आणली होती, पण तो थांबला.

‘‘आखाल्त?’’ आजीने विचारलं.

‘‘आखाल्ती,’’ छोटी म्हणाली. खाल्लं. आणि काय काय खाल्लं ते एकेक बोट दुमडत सांगायला लागली. ते फार लांबलचक होतं. सलूनवाल्याला त्यातलं अर्धं कळलं, बायकोला काहीच कळलं नाही. ती प्रत्येक बोटाला मान डोलवत राहिली, आणि यादी संपली तेव्हा म्हणाली, ‘‘एवढ्यावर भागतं का गं तुझं?’’

‘‘मा?’’ छोटी म्हणाली. काय? आणि तिने आजोबाकडे पाहिलं.